मान-खांदे दगड झालेत, २५०० पर्यंत चांगलं मसाजर सुचवा

हिशेबवाली_४४०
नमस्कार मंडळी. वय ४१, नागपुरात बर्डीला एका कर सल्लागारांकडे अकाउंट्सचं काम. दोन वर्षांपासून मान आणि उजवा खांदा इतका ताठतो की दुपारी चारनंतर मान वळतच नाही, खांद्यासकट फिरावं लागतं. सकाळी उठल्यावर कानापुढे जबडा ठणकतो, कपाळाभोवती कोणी ओढणी करकचून बांधल्यासारखं वाटतं. एक्स-रे नॉर्मल आला. गोळ्या दिल्या आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. ते कसं घ्यायचं नाही, हे कोणीच सांगत नाही. बजेट २५०० च्या आत. ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा.

मनीषनगरचा_भाऊ
ताई, २५०० मध्ये चांगलं काही येत नाही. मी मागच्या दिवाळीत मसाज खुर्ची घेतली, १ लाख १० हजारांना. रोज रात्री वीस मिनिटं बसतो. सासरे आले की तेही बसतात, उठायला तयार नसतात. थांबा, पैसे साठवा, पण खुर्चीच घ्या.

गरमपोहे
ताई, कूलर कोणत्या बाजूनं आहे ते आधी पाहा बाप्पा. माही मान अशीच धरून राहिली होती, हालवता येत नव्हती. कूलर डोक्याकडून काढून पायाकडे केला, चार दिवसांत मोकळी झाली. एक रुपया लागला नाही मले.

सेमिनरी_हिल्स_वॉकर
दोन वर्षांपासून दुखतंय म्हणतात त्या. डिसेंबरात कोण कूलर लावतं?
मसाज गनबद्दल सांगतो. मी ३२०० ची घेतली होती आणि मानेच्या मणक्यावर धरली. दोन दिवस गरगरत होतं. हाडावर आणि मानेच्या पुढच्या बाजूला ती कधीच लावू नका, खांद्याच्या मांसल भागावरच लावा. दुकानदारानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

गरमपोहे
डिसेंबरात पंखा तर असते ना भाऊ.

दिघोरीची_वहिनी
उशी बदला! मी शेवरीची पातळ उशी भरून घेतली, माझी मान सुटली. फोमच्या उशा अजिबात नकोत.

सेमिनरी_हिल्स_वॉकर
कुशीवर झोपणाऱ्याला पातळ उशी चालत नाही, खांदा दबतो. सगळ्यांना एक उशी कशी लागेल?

दिघोरीची_वहिनी
मी कुशीवरच झोपते.

वर्धारोड_फिजिओ
अकरा वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मन धास्तावलं की शरीर आपोआप तयारीला लागतं. खांदे कानांकडे चढतात, दात आवळले जातात, श्वास छातीतल्या छातीत राहतो. वरवरच्या श्वासात मानेचे स्नायू बरगड्या उचलायला लागतात, ते त्यांचं रोजचं काम नाही. धोका टळला की हे सगळं सैल पडायला हवं, पण ऑफिसचं काम दिवसभर टळत नाही. स्नायू तासन्‌तास अर्धवट आवळलेले राहतात आणि ठणकतात. एक्स-रेत हाडं दिसतात, आवळलेला स्नायू दिसत नाही.
ताई, दोन गोष्टी आरशात बघा. जिभेच्या कडेला दातांचे ठसे आहेत का? गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी रेघ आहे का? मग कानाच्या खाली-पुढे, जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवून दात दाबा. तिथे सुपारीसारखा गोळा उठतो, तो चावण्याचा स्नायू. तो दाबल्यावर दुखला, तर तुमचं मूळ जबड्यात असू शकतं.
आणि महिनाभर तारीख लिहा: किती दुखलं आणि त्या दिवशी काय होतं.

मेडिकल_चौक
जबड्याचं असेल तर मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. मी रात्री झोपेत दात खायचो, बायको उठून बसायची. दाढेचं सिमेंट दोनदा फुटलं. शेवटी मापाचा नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच, करून घेतला. ऑनलाइन मिळणारे गार्ड घेऊ नका, माझा पहिला तसाच होता, सकाळी जबडा जास्तच दुखायचा. गार्डनं दात वाचतात, आवळण्याची सवय मात्र जात नाही, हेही खरं.

इतवारी_काका
मानेला पट्टा लावा. मी सहा महिने लावतोय.

वर्धारोड_फिजिओ
काका, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय इतके दिवस लावू नका हो. स्नायू आणखी कमकुवत होतात.

इतवारी_काका
मला बरं वाटतं.

मनीषनगरचा_भाऊ
खुर्चीला ईएमआय आहे ताई.

हिशेबवाली_४४०
सगळ्यांचे आभार. पाच आठवडे तारखा लिहिल्या. जिभेवर ठसे आहेत आणि तो गोळा दाबला की डोळ्यांत पाणी येतं. तारखांचं मात्र मला सुचलंच नव्हतं: दुखणं ९ ला सुरू होतं आणि २१ ला उतरतं. ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या शेवटच्या तारखा. घरी आल्यावर पोळ्या लाटताना खांदे बघितले, कानाला टेकले होते. खाली घेतले, चौथ्या पोळीला परत वर.

वर्धारोड_फिजिओ
हेच हवं होतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही जबड्याची विश्रांतीची जागा. खाताना-गिळताना सोडून दात एकमेकांना लागायलाच नकोत. मॉनिटरवर एक टिकली लावा, दिसली की जबडा तपासायचा. झोपताना एकेक भाग पाच सेकंद आवळा आणि हळूहळू सोडा. जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची ही पद्धत, १९२९ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. दुखणाऱ्या जबड्यावर मात्र जोर नको.
गोळ्या मोजून घ्या. महिन्यातले पंधरा दिवस डोकेदुखीची गोळी पडत असेल, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.
हाताला मुंग्या, पकड ढिली, तापासोबत ताठ मान, किंवा छातीतून जबड्याकडे जाणारी कळ, यातलं काही असेल तर ताण म्हणून घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना.

रामनगर_पहाट
आमच्याकडे जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळाचे वर्ग विनामूल्य असतात. मला शवासनानं जे मिळालं ते कुठल्या मशीननं नाही. आणि मनावर फारच आलं, तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन करा, मराठीत बोलतात. मी वडील गेल्यावर केला होता.

नवीन_सभासद_७
सगळं वाचलं नाही. मसाज गन घ्या, मस्त आहे.

हिशेबवाली_४४०
निर्णय सांगते. मसाजर घेत नाहीये. दर महिन्याच्या १० ते २० तारखेला संध्याकाळच्या पोळ्यांसाठी एक ताई ठरवल्या, अकरा दिवसांचे २२००. तो पाऊण तास मी आतल्या खोलीत जमिनीवर पडून राहते, दार लावून. मुलीला सांगून ठेवलंय.

मनीषनगरचा_भाऊ
मशीनचे पैसे एकदाच जातात ताई. हे दर महिन्याला जातील.

दिघोरीची_वहिनी
मलाही हे पटलं नाही. पोळ्या बाहेरच्या हाताच्या आणि उशी तीच जुनी.

हिशेबवाली_४४०
या महिन्यात १८ ला मान दुखली, पण वळत होती. डेंटलला सोमवारी जाणार आहे. सोबत काय न्यायचं?

मेडिकल_चौक
जुना एक्स-रे, गोळ्यांची चिठ्ठी आणि तारखांची ती वही. जितकं लवकर जाल तितकी रांग कमी.