मदत हवी आहे: हिपॅटायटिस सीच्या व्हायरल लोडसाठी (रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी) ओरोसला नमुना घेतात का?

माझा धाकटा भाऊ, वय 33, राहणार देवगड तालुका. लहानपणी रक्ताचा कॅन्सर (एएलएल) होता. 1998 ते 2000 मुंबईत उपचार झाले, तेव्हा रक्त आणि प्लेटलेट्स कितीतरी वेळा चढवल्या. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची झाली ती 2001 पासून, म्हणून गेल्या महिन्यात खाजगी लॅबमध्ये अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी टेस्ट) करून घेतली. रिअ‍ॅक्टिव्ह आली.

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी निगेटिव्ह आहेत. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल, त्यामुळे इथले डॉक्टर म्हणाले, "काय करूचा नाय." पण एसजीपीटी नॉर्मल असूनही विषाणू अंगात असू शकतो. उलट, आजार आपोआप बरा झाला तरी अँटीबॉडी राहतात, त्यामुळे नुसत्या या रिपोर्टवर घाबरायचंही नाही. आरएनए तपासणीशिवाय (म्हणजेच व्हायरल लोडशिवाय) खरं कळणार नाही.

जुनी फाईल पावसात भिजून गेली, फक्त डिस्चार्ज कार्ड उरलंय. दारू नाही, मधुमेह नाही. भाऊ ट्रॉलरवर खलाशी, सुट्टी एकच दिवस मिळते. मुंबईच्या दोन फेऱ्या जमणार नाहीत. (औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात हे माहीत आहे, तो प्रश्न पुढचा.)

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमाखाली ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा रत्नागिरीला कुणी अलीकडे व्हायरल लोड केलाय का? नमुना कुठल्या वारी घेतात, खाजगी लॅबचा रिपोर्ट चालतो की अँटीबॉडी टेस्ट तिथे पुन्हा करावी लागते?