शब्दचर्चा : इतिहासाच्या प्रकल्पात 'खलनायक' चालेल का?

अलिबागहून
नववीच्या मुलांना इतिहास आणि मराठीचा मिळून एक प्रकल्प द्यायचा आहे : 'आपल्या किनाऱ्यावरचे नायक आणि खलनायक'. प्रत्येकाने एक व्यक्ती निवडायची, माहिती शोधायची आणि 400 शब्दांत लिहायची. पण गाडी मथळ्यावरच अडली आहे. 'खलनायक' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे सिनेमाच येतो. त्याऐवजी 'खलपुरुष' घ्यावा का? 'प्रतिनायक' कुठे बसतो? आणि 'नायक' तरी होऊन गेलेल्या खऱ्या माणसाला लावावा का?

रत्नागिरीहून
बाई, आधी शब्द सुटे करून बघू. 'नायक' हा संस्कृत 'नी' धातूवरून आला. नेणारा, पुढे चालणारा, एवढाच त्याचा अर्थ. चांगुलपणाची हमी त्या शब्दात नाही. आपल्याकडचं नाईक आडनाव आणि पोलिसांत पूर्वी असलेलं नाईक हे पद, दोन्ही त्याचीच रूपं.

'खलनायक' म्हणजे खल असा नायक. समास कर्मधारय आहे. नायकाच्या समोर उभा ठाकलेला, हा अर्थ त्यात मुळात नाहीच. तो अर्थ 'प्रतिनायक' या शब्दात आहे. दहाव्या शतकातल्या 'दशरूपक' या नाट्यग्रंथात प्रतिनायकाची लक्षणं दिली आहेत : लोभी, धीरोद्धत (गर्विष्ठ), हट्टी, पापी, व्यसनी. पण हे दोन्ही शब्द रंगभूमीचे. तिथे लेखक पात्राचं मन जाणतो, कारण पात्र त्यानेच घडवलेलं असतं. इतिहासात आपल्या हाती कागद असतात, मन नसतं.

'खलपुरुष' खऱ्या माणसाला लावता येतो, पण तो निवाड्याचा शब्द आहे. निवाडा मथळ्यातच दिला, तर पुढच्या 400 शब्दांत मुलं फक्त त्याला आधार शोधत बसतात. नावडणारा कागद हाती आला की तो बाजूला ठेवतात.

पसायदान मुलांना पाठ असतं. 'जे खळांची व्यंकटी सांडो' ही ओळ फळ्यावर लिहावी. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. खळ नाहीसे होवोत असं मागणं तिथे नाही, त्यांचा वाकडेपणा सुटो असं आहे. खलत्व माणसापासून वेगळं काढता येतं, हे नववीच्या मुलाला त्या एका ओळीत कळतं. (खलबत्त्यातला खल आणि 'खल करणे' यांतला खल इथे मध्ये आणू नये. विनाकारण गोंधळ होतो.)

मालवणहून
आमच्याकडे 'खलनायक' शिकवायला संकासूर हाताशी आहे. दशावतार या लोकनाट्याच्या पूर्वरंगात तो येतो : काळा पोशाख, काळा बुरखा, उंच टोकदार टोपी. वेद चोरणारा म्हणून विष्णूच्या हातून मरतो, म्हणजे कथेच्या हिशेबाने पक्का खल. पण मालवणीत बोलून लोकांना हसवतो तोच. शिवाय उत्तर रत्नागिरीत शिमग्याला संकासूर घरोघरी येतो तेव्हा लोक त्याच्या पाया पडतात. मुलांना विचारावं : हा खल, मग याच्या पाया का पडता? या एका प्रश्नावर अर्धा तास सहज चर्चा चालते, आणि 'कथेतली भूमिका' व 'लोकांच्या मनातली जागा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांचं त्यांनाच उमगतं.

'हिरो' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. मुलं तो सर्रास वापरतात. पण 'हिरोगिरी' ही शिवी आहे. 'वीर'चं तसं होत नाही. शब्द जवळचा असला तरी त्याची साधित रूपं तपासून बघावीत, त्याला समाजात काय किंमत आहे ते तिथे कळतं.

पनवेलहून
प्रत्ययांकडेही लक्ष द्या. '-खोर' हा फारसीतून आला, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, चुगलीखोर, दरोडेखोर : जिथे लागतो तिथे ठपका ठेवतो. वासुदेव बळवंत फडके 1845 मध्ये आमच्या तालुक्यात शिरढोणला जन्मले आणि 1883 मध्ये एडनच्या तुरुंगवासात वारले. 1879 च्या त्यांच्या उठावाबद्दल इंग्रज सरकारच्या लेखी ते दरोडेखोर. आपल्या पुस्तकांत आद्य क्रांतिकारक. मधला शब्द 'बंडखोर'. त्यातही '-खोर' आहे, पण आज 'बंडखोर कवी' हे कौतुक आहे. ठपक्याचा शब्द शंभरेक वर्षांत कौतुकाचा होऊ शकतो. म्हणून शब्दाशेजारी साल लिहायची सवय लावावी.

अलिबागहून
हे पटलं. पण मुलांचं लिखाण असं असतं : 'कान्होजी आंग्रे हे महान शूर वीर पराक्रमी होते. त्यांनी इंग्रजांना धूळ चारली. सिद्दी क्रूर होते.' विशेषणं काढायला लावली तर दीड ओळ उरते.

रत्नागिरीहून
विशेषणं काढल्यावर काही उरत नाही, कारण माहिती गोळाच केलेली नसते. आणि बाई, खरा निवाडा विशेषणांत नसतो. तो क्रियापदांत असतो. हे मराठीत फार खोलवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण नायकाला आदरार्थी बहुवचन देतो आणि खलाला एकेरी. 'कान्होजी आले', 'सिद्दी आला'. काय केलं हे कळायच्या आधीच बाजू ठरली. मग क्रियापदांच्या जोड्या बघा. आपल्या माणसाने जहाज *पकडलं*, त्यांच्याने *लुटलं*. आपली *मोहीम*, त्यांचं *आक्रमण*. आपण *माघार घेतली*, ते *पळाले*. आपल्याला *वीरमरण आलं*, ते *मारले गेले*. आपल्याकडे आला तो *येऊन मिळाला*, तिकडे गेला तो *फितूर झाला*. कृती तीच असते, शब्द बदलतो.

वर्गात करून बघायचा प्रयोग : मुलाच्या लेखातली सगळी नावं खोडून 'अ' आणि 'ब' करावीत आणि मोठ्याने वाचावं. कोणती कृती झाली हे कळायच्या आत वर्गाने नायक ओळखला, तर ते काम क्रियापदांनी केलं आहे. मग प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारून दोन्ही बाजूंना एकच क्रियापद लावायचं. साधारण 20 मिनिटांत एक परिच्छेद होतो.

मालवणहून
सर, एकेरी-आदरार्थीत बरोबरी करायला गेलं तर भाषा कृत्रिम होते. 'अफझलखान आले' कुणाच्याच तोंडात बसत नाही आणि पालकही ऐकून घेणार नाहीत. आपल्या श्रद्धेचे आदरार्थी शब्द तसेच राहू द्यावेत. मुलांना फक्त ते दिसायला हवेत.

रत्नागिरीहून
मान्य. ती बरोबरी सक्तीची नको. क्रियापदांची मात्र हवीच. आणि 'सिद्दी क्रूर होते' हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत पुढे जाऊ देऊ नये. ते एका माणसाबद्दल नाही, अख्ख्या समाजाबद्दल आहे. कोणता सिद्दी, कोणतं साल, कोणतं कृत्य, ही तीन उत्तरं नसतील तर वाक्य बाद. मुरूडच्या शाळेत तर हे फार जपावं लागतं. जंजिऱ्याचं सिद्दींचं संस्थान 1948 पर्यंत होतं आणि त्या आठवणी तिथल्या घरांत आहेत.

देवगडहून
'आपले' आणि 'त्यांचे' ही विभागणी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्यापाशी पार मोडते, म्हणून हा विषय एका गटाला जरूर द्यावा. 1755 मध्ये त्यांचा सुवर्णदुर्ग गेला आणि फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूने तुळाजींच्या विरोधात होते. आता नायक कोण ते मुलांनी सांगावं! बहुतेक मुलं इथे एक तर पेशव्यांना वगळून टाकतात, नाहीतर तुळाजींना 'उद्दाम' म्हणून मोकळी होतात. दोन्ही वेळा विचारायचं, हे तुला कोणत्या कागदात मिळालं?

वसईहून
लेखाची रचना शिकवायची असेल तर वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड) दाखवा. वीर आणि कन्नडमधला 'कल्लु', म्हणजे दगड, यांवरून हा शब्द आला. उत्तर कोकणात बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत आणि त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली लढाई आणि मरण. त्याच्या वर वीराला नेणाऱ्या अप्सरा. त्याहून वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर कलश, आणि बऱ्याचदा चंद्रसूर्य. मुलं पुस्तकाच्या सवयीने वरून वाचतात. मग त्यांना आधी पूजा करणारा माणूस दिसतो आणि शेवटी लढाई, म्हणून ती म्हणतात की पूजा करून तो लढायला गेला. सगळाच अर्थ उलटा होतो. चित्र हातात देताना खालच्या पट्टीशेजारी 1 आकडा घालून द्यावा.

लेखही तसाच रचायला सांगा : तळाशी कृत्य, मध्ये लोक काय म्हणाले, आणि माथ्यावर मान. मान आधी कोरला तर खाली लढाई कोरायला जागाच उरत नाही. मुलांच्या लेखांत नेमकं हेच होतं.

अलिबागहून
आता काम कसं वाटून द्यायचं ते सांगा. तीन आठवडे हाताशी आहेत.

रत्नागिरीहून
चौघांचा एक गट करा. प्रत्येकाकडे पोस्टकार्डाएवढ्या 6 चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच माहिती : घटना, साल, कुठून घेतली, पान क्रमांक. आणि सगळ्यात खाली लाल शाईने, त्या साधनाने त्या व्यक्तीसाठी वापरलेला *नेमका शब्द*. ही लाल ओळ चुकवायची नाही, सगळी शब्दचर्चा तिच्यावर उभी राहते. पहिला आठवडा चिठ्ठ्यांतच जाऊ द्या. लिहायला घाई केली की मुलं संकेतस्थळावरचा परिच्छेद उतरवतात, आणि चार गटांचे चार लेख एकाच वाक्याने सुरू होतात.

साधनं निदान तीन घ्या. मराठी विश्वकोश सुरुवातीला चांगला. शब्दांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. तिसरं साधन जुनी गॅझेटिअरं, म्हणजे इंग्रज सरकारचे जिल्हा माहितीग्रंथ : रत्नागिरी-सावंतवाडीचं 1880 चं, कुलाबा-जंजिऱ्याचं 1883 चं. ती इंग्रजीत आहेत. शिक्षकाने एखादं पान मराठीत करून द्यावं, पण 'पायरेट'सारखा शब्द आहे तसा देवनागरीत ठेवावा. भाषांतर केलं तर पुरावाच पुसला जातो.

इथे एक चूक हमखास होते. जुनं पुस्तक म्हणजे समकालीन, असं मुलं धरून चालतात. कान्होजी 1729 मध्ये वारले. 1883 चं गॅझेटिअर त्यानंतर 154 वर्षांनी आलं. कान्होजींसाठी ते दुय्यम साधन. फडक्यांच्या काळातली सरकारी भाषा कशी होती हे बघायला मात्र तेच समकालीन. एक पुस्तक दोन गटांना द्या, फरक आपोआप कळेल.

दुसऱ्या आठवड्यात कच्चा लेख आणि अ-ब प्रयोग. तिसऱ्यात पक्का लेख. मुलांचं स्वतःचं मत शेवटच्या परिच्छेदात, जास्तीत जास्त 60 शब्दांत, आणि 'माझ्या मते' असं उघड म्हणून. मत टाळायला लावू नका. मत नसलेला लेख निर्जीव होतो, आणि मुलांना नायक हवेच असतात.

नमुन्यासाठी हा परिच्छेद फळ्यावर लिहिता येईल :

'कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने दस्तक, म्हणजे परवाना, नसलेली जहाजे पकडून माल जप्त केला. मुंबईच्या इंग्रजांना कान्होजींचे दस्तक मान्य नव्हते. इंग्रजी कागदांत या जप्तीला चाचेगिरी म्हटले आहे. मराठी राज्यात कान्होजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हल्ला केला, तो फसला.'

यात गौरवाचं किंवा निंदेचं एकही विशेषण नाही, तरी कान्होजी लहान होत नाहीत. पोर्तुगीजही याच समुद्रावर आपला परवाना, कार्ताझ, सक्तीने घ्यायला लावत. ते वाक्य पुढे जोडलं की 'चाचा' कोण आणि 'सरकार' कोण हा प्रश्न मुलंच विचारतात.

अलिबागहून
मग मथळा असा ठेवते : 'किनाऱ्यावरची माणसं : कोणी काय म्हटलं आणि का'. नायक आणि खलपुरुष हे शब्द शेवटच्या परिच्छेदापुरते. 'खलनायक' फक्त संकासुराच्या तासाला.

मालवणहून
उत्तम. फक्त 'चाचा' एकवचनी आला की काही मुलं हिंदीतला काका समजतात. 'इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत' हे वाचून त्यांना ते प्रेमाचं संबोधन वाटतं. फळ्यावर पहिल्यांदा लिहिताना 'समुद्री चाचा' असं पूर्ण लिहा, आणि शेजारी अनेकवचन 'चाचे'.