१३ ते १७ वयोगटाचा तरुण संघ: बैठक आणि संदेश कसा बांधावा? सल्ला हवा

प्रवराकाठ
जय ख्रिस्त. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत आठवी ते बारावीच्या मुलांची बैठक जूनपासून नव्याने सुरू करायची आहे. मुलं पंचवीसच्या आसपास, निम्मी इंग्रजी माध्यमातली. आजवरची पद्धत अशी: रविवारी उपासना संपली की मुलांना तिथेच बाकांवर थांबवायचं, चाळीस मिनिटांचा संदेश, प्रार्थना, घरी. संडेस्कूलला हौसेने येणारी मुलं दृढीकरण (विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झालं की दिसेनाशी होतात. वेळ आणि कार्यक्रम कसा ठेवावा? संदेश किती लांब आणि कसा द्यावा? मे महिन्यात शिबिर घ्यावं का? थेट वापरता येईल असं सांगा.

शांतवन
संदेशाकडे नंतर या, आधी वेळ आणि जागा बदला. उपासनेनंतर साडेअकराला मुलं भुकेली असतात आणि दीड-दोन तास बसून अवघडलेली असतात. त्या वेळी कितीही चांगलं बोललात तरी कानावरून जातं. शनिवारी संध्याकाळी ५ ते ६:३० बघा. क्लास आड येत असतील तर रविवारी दुपारी ४. देवळाऐवजी शेजारचा हॉल, खुर्च्या गोलात. पंचवीस मुलांना माईक लागत नाही. माईक हातात आला की बोलणाऱ्याचा सूर आपोआप सभेचा होतो.

नव्वद मिनिटांची वाटणी अशी करा. पहिली १५ मिनिटं पोहे किंवा केळी-चहा आणि गप्पा, म्हणजे उशिरा येणाऱ्याला ओशाळं होत नाही. मग १० मिनिटं खेळ, १५ मिनिटं गाणी, १५ मिनिटं संदेश, २५ मिनिटं गटचर्चा, शेवटची १० प्रार्थनेला. वेळ कमी पडला तर संदेश कापा, गटचर्चा कापू नका. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं आणि तिथेच सगळं बिघडतं. मुलगा स्वतःच्या तोंडाने जे बोलतो ते त्याच्याजवळ राहतं.

गट सहा-सात जणांचे. आठवी-नववी वेगळे, दहावी ते बारावी वेगळे. तेरा वर्षांचा मुलगा सतरा वर्षांच्या समोर तोंड उघडत नाही. प्रत्येक गटाला दोन मोठी माणसं, आणि वर्षभर तीच. दर आठवड्याला चेहरा बदलला तर मूल मनातलं सांगत नाही. मोठ्यांनी एकूण वेळेच्या पावपेक्षा जास्त बोलू नये.

प्रश्न ज्यांचं उत्तर ‘हो’ असंच येणार ते टाळा. ‘आपण प्रार्थना केली पाहिजे ना?’ याला सगळे मान हलवतात आणि चर्चा तिथेच संपते. त्याऐवजी ‘या उताऱ्यात तुम्हाला न पटणारं काय आहे?’ असं विचारा आणि मग गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. ती शांतता मोठ्यांनाच सहन होत नाही, म्हणून ते स्वतःच उत्तर देऊन टाकतात. दोनदा असं झालं की मुलांना कळतं, थांबलं की उत्तर मिळतंच.

प्रवराकाठ
हे स्पष्ट झालं. पण पंधरा मिनिटांत वचनाची खोली कशी येणार, असं पंचकमिटीतले, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे, वडीलधारे विचारतील.

गंगापूररोड
खोली एका शनिवारी येत नाही, सलग वाचण्याने येते. मार्कचं शुभवर्तमान घ्या. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत लहान, १६ अध्याय, घटना भराभर पुढे सरकतात. आठवड्याला एक अध्याय धरला तर सुट्ट्या, पाऊस आणि चाचणी परीक्षा वगळूनही नाताळच्या आत पूर्ण होतो. सहा महिन्यांत अख्खं शुभवर्तमान वाचून झालेलं असेल, हे कमिटीला सांगा. दर रविवारी वेगवेगळ्या विषयावरचे चाळीस मिनिटांचे संदेश ऐकून ते होत नाही.

आता संदेशाची तयारी. आधी एक वाक्य लिहा: ‘हे ऐकून मुलांनी काय धरून ठेवावं?’ ते वाक्य लिहिता आलं नाही तर संदेश तयार नाही. मग पूर्ण मजकूर लिहा. सावकाश बोललात तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पंधरा मिनिटांना फार तर अठराशे. घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचा, मग कागद बाजूला ठेवून सहा ओळींचं एक कार्ड करा. हातात पूर्ण कागद असला की नजर मुलांवरून सुटते.

उतारा त्यांच्यातल्याच कुणाला वाचायला द्या, पण आठवडाभर आधी. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ऐन वेळी मराठी बायबल दिलंत तर तो अडखळतो, बाकीचे हसतात, आणि पुढच्या शनिवारी तो येत नाही.

नमुना म्हणून जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय घ्या. नेहमीचा संदेश ‘दानीएलासारखे धीट व्हा’ इथे संपतो. मजकूर नीट वाचला तर जास्त सापडतं. बाबेलात (बॅबिलोनला) नेलेल्या दानीएल आणि त्याच्या सोबतच्या मुलांना नवं शिक्षण दिलं, परकी भाषा शिकवली, नावंसुद्धा बदलली; दानीएलाचा बेल्टशस्सर झाला. शिक्षण आणि भाषा त्यांनी घेतली, नव्या नावाविरुद्ध काही बोलल्याचंही लिहिलेलं नाही. नकार दिला तो राजाच्या अन्नाला आणि द्राक्षारसाला. तोही आरडाओरडा न करता: आधी वरच्या अधिकाऱ्याला विनंती केली, तो अधिकारी घाबरला तेव्हा दानीएल कारभाऱ्याकडे गेला आणि दहा दिवसांची परीक्षा मागितली, भाजीपाला आणि पाणी. पहिली चार मिनिटं फक्त ही गोष्ट सांगा. पुढची पाच, त्याने रेघ नेमकी कुठे ओढली आणि कशी. मग वर्गात एकट्याच ख्रिस्ती असलेल्या मुलीला किंवा होस्टेलवर जाणाऱ्या मुलाला हा प्रश्न कुठे भेटतो ते. शेवटी एकच प्रश्न देऊन गटात पाठवा: ‘तुम्ही कशाला हो म्हणाल, कशाला नाही, आणि नाही कसं म्हणाल?’

सुरुवातीची क्षमायाचना, ‘आजच्या पिढीला मोबाइलने बिघडवलं’, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ ही तीन वाक्यं पूर्ण वगळा. ती आली की मुलं मनाने खोलीबाहेर जातात.

पेटीमास्तर
गाण्यांबद्दल. तेरा-चौदाच्या मुलांचा आवाज फुटत असतो, वरचे सूर लागत नाहीत, म्हणून ते तोंड मिटून उभे राहतात. मोठ्यांना वाटतं, यांना भक्तीच नाही. उपासना संगीत या गीतपुस्तकातलं गीत काळी चारच्या पट्टीत होत असेल तर खाली काळी एकला उतरवा आणि बघा. तीन गाणी पुरेत: एक जुनं मराठी भजन, एक नवं, एक शांत. ना. वा. टिळकांची भजनं ढोलकी आणि टाळांवर उभी राहतात. मुलांना ताल द्या, शब्द मागून येतात. वाजवणारी आणि गाणारी त्यांच्यातलीच असावीत. चूक झाली तर चालू द्या.

बोलण्याबाबतही आपल्याकडेच एक घराणं आहे. नगर भागात एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती कीर्तनं होत आली. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. या वयासाठी क्रम उलटा करा, आख्यान आधी. पण गाणं, गोष्ट आणि निरूपण एकमेकांत विणायची रीत तीच ठेवा. सहा-सात मिनिटांनी एखादं कडवं सगळ्यांनी म्हटलं की उडालेलं लक्ष परत येतं.

वाडीवाला_वसई
आमच्या कॅथलिक बाजूचं थोडं. डॉन बॉस्को यांनी १८४१ मध्ये टुरिनमध्ये रस्त्यावरच्या आणि कामकरी मुलांसाठी काम सुरू केलं. त्यांनी स्थापलेल्या सेलेशियन संघाच्या परंपरेत रात्रीच्या प्रार्थनेनंतर प्रमुखाने मुलांशी दोन-तीन मिनिटं बोलायचं असतं, त्याला ‘शुभरात्री’ म्हणतात. दिवसातली एखादी घटना, तिच्याबद्दल एकच विचार, संपलं. शिबिरात हे ठेवाच. लांब रात्रसभेपेक्षा ते जास्त खोल जातं. आणि त्यांचा दुसरा आग्रह: शिक्षकाने मैदानावर मुलांबरोबर असायचं. जो माणूस फक्त संदेशाच्या वेळी उगवतो त्याचं मुलं ऐकत नाहीत.

जबाबदारी खरी द्या. चौदा वर्षांच्या मुलीला ‘मदत कर’ म्हणू नका. ‘पुढचे तीन महिने खाण्याचा हिशेब तुझा, वही तुझी, पैसे तुझ्या हातात’ असं सांगा. पाच भाकरी आणि दोन मासे ज्याच्याजवळ होते तो मुलगाच होता, हे योहानच्या सहाव्या अध्यायात आहे. येशूभोवती जमलेल्यांना जेवायला मिळालं ते त्या मुलाजवळ होतं त्यातून.

शांतवन
एक गोष्ट नियम म्हणून लिहून घ्या, कारण ती राहून गेली तर बाकी सगळं फोल. बंद खोलीत एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल कधीही नको. दार उघडं किंवा दुसरं मोठं माणूस नजरेत. मुलाशी रात्रीचं खाजगी चॅटिंग नको. व्हॉट्सॲप गट असेल तर त्यात दोन मोठी माणसं आणि पालकांना माहिती. फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. म्हणा, ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर योग्य माणसाला मला सांगावं लागेल, पण तुला न सांगता नाही.’ अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘मंडळीची बदनामी होईल, आपसात मिटवू’ हे चालत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही नंबर हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. मरणाची भाषा करणाऱ्या मुलाला नुसती प्रार्थना करून घरी पाठवू नका. तो एकटा राहणार नाही हे बघा, पालकांना सांगा, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

इतर धर्मातला मित्र यायचा म्हणाला तर आधी त्याच्या आईवडिलांना विचारा, तेही समोरासमोर.

प्रवराकाठ
आभार. शिबिराचं राहिलं.

गंगापूररोड
पहिल्याच वर्षी मे नको. काही महिने एकत्र बसलेल्या मुलांचं शिबिर वेगळं होतं आणि नुसती गोळा केलेली मुलं वेगळी. शिवाय मेमध्ये पाचगणीसारख्या ठिकाणी गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत दोन रात्री पुरेत. आठ मुलांमागे एक मोठं माणूस, मुलींसाठी स्त्रिया, झोपायच्या खोल्या वेगळ्या इमारतीत किंवा निदान वेगळ्या मजल्यावर. पालकांचं लेखी संमतीपत्र घ्या. त्यात ॲलर्जी, चालू औषधं आणि दोन फोन नंबर हवेत. धरण, नदी, तलावात उतरणं पूर्ण बंद, पोहता येत असलं तरी.

सात तास झोप वेळापत्रकातच लिहा. का ते सांगतो. शेवटच्या रात्री उशिरापर्यंत संगीत, भीती घालणारा संदेश आणि मग ‘ज्यांना प्रभूला जीवन द्यायचं आहे त्यांनी पुढे या’ असं केलं की दोन दिवस न झोपलेली मुलं रडत पुढे येतात. आपल्याला ते संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जाग, वाटतं. महिन्याभरात त्यातली बरीच गळतात, आणि ‘आपल्यात खोट आहे’ असं वाटून पुढच्या वर्षी तीच पुन्हा पुढे येतात. आवाहन करायचंच असेल तर सकाळी, नाश्त्यानंतर, शांतपणे. बोलू इच्छिणाऱ्याला त्याच्या गटाच्या माणसाकडे पाठवा आणि सात दिवसांच्या आत त्याच्या घरी भेट ठरवा.

व्यसनातून सुटलेल्यांच्या साक्षी (विश्वासाचे अनुभव) एकामागून एक लावू नका. सरळ वाढलेल्या मुलाला वाटतं, माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. शांतपणे विश्वासाने जगलेल्या एखाद्या आजींनाही बोलवा. पाहुण्या वक्त्याला वय, उतारा आणि ‘१५ मिनिटं’ हे लेखी कळवा. तोंडी सांगितलेली वेळ कुणी पाळत नाही.

प्रवराकाठ
शेवटचं: जूनची पहिली बैठक कशी असावी?

शांतवन
शाळा सुरू झाल्यावरचा दुसरा शनिवार धरा, पहिल्यात वह्या-पुस्तकांची धावपळ असते. त्या दिवशी संदेश ठेवू नका. खाणं, खेळ, दोन गाणी, आणि मग प्रत्येकाला कोरी चिठ्ठी आणि सारखंच पेन, म्हणजे कुणी कुणाला ओळखणार नाही. नाव न घालता दोन प्रश्न लिहायला सांगा: देवाबद्दल एक, घर-शाळा-मित्रांबद्दल एक. चिठ्ठ्या बंद डब्यात. मोठ्यांनी नंतर बसून त्या विषयाप्रमाणे लावाव्यात. कमी गुणांची भीती, प्रेम, मोबाइलवर पाहिलेलं, आजारी माणूस प्रार्थनेने का बरा झाला नाही, विज्ञान आणि उत्पत्ती, हे बहुधा निघतंच. जुलैपासून मार्क वाचताना जो प्रश्न ज्या अध्यायाला लागू पडेल तो तिथे घ्या. बरं न होण्याचा प्रश्न मार्कच्या चौदाव्या अध्यायात गेथशेमानेपाशी, जिथे अटकेआधी येशू स्वतः दुःख टळावं म्हणून प्रार्थना करतो, घेता येतो, तोवर आधाराला स्तोत्र १३ वाचा. दहावी-बारावीच्या मुलांना जानेवारी ते मार्च यायची सक्ती नको. त्या काळात गटातल्या माणसाने आठवड्यातून एकदा पालकांच्या फोनवर चौकशी करावी, आणि पेपर संपले त्या शनिवारी खाणं थोडं जास्त ठेवावं.