बेक्शिन्स्की: कुजलेल्या देहांवर इतकं देखणं ऊन कशाला? (तळरंग, रेघ आणि धूसर यांच्यातली चर्चा)

तळरंग
पोलिश चित्रकार झ्जिस्वाफ बेक्शिन्स्की (१९२९–२००५) यांच्या चित्रांवर लोक एक तर "किती भयानक!" म्हणतात, नाहीतर "काय रंग आहेत!" माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. हाडं, सोललेली कातडी, चेहऱ्याला गुंडाळलेल्या पट्ट्या, आणि त्यावर कलत्या दिवसाचं पिवळसर ऊन. करून बघा: मधली आकृती हाताने झाका. उरतं ते धुक्यातलं निसर्गचित्र. दूर जाताना कडा विरतात, गडद-फिक्यातला फरक कमी होत जातो. आता हात काढा. आकृतीवरही तेच धुकं, तोच प्रकाश. काय पाहतोय हे कळायच्या आत डोळ्याला ते आवडून गेलेलं असतं.

रेघ
मला नेमकी हीच पळवाट वाटते. मावळतीचा नारिंगी ओतला की काहीही देखणं दिसतं. सत्तरच्या दशकातली दहा चित्रं शेजारी मांडा. क्षितिज खाली, मधोमध एकटी अवाढव्य वस्तू, भोवती धूर. साचा लगेच कळतो. या चित्रांत दुसऱ्या महायुद्धाची वेदना आहे म्हणायचं, तर तीसुद्धा नटवलेली.

धूसर
युद्ध सुरू झालं तेव्हा बेक्शिन्स्की दहा वर्षांचे होते, एवढ्यावरून सगळी चित्रं उलगडायची का? त्यांनी चित्रांना शीर्षकं दिली नाहीत, अर्थ सांगायचंही टाळलं. स्वप्नाचा फोटो काढावा तसं रंगवायचंय, एवढीच त्यांची भूमिका.

साच्याबद्दल बोलण्याआधी तुम्ही काय पाहताय ते तपासा. नेटवरच्या बऱ्याच प्रतींत कॉन्ट्रास्ट (गडद-फिक्यातला फरक) वाढवलेला असतो. सावलीतल्या तपकिरी छटा एकमेकींत मिसळून सपाट काळ्या होतात, नारिंगी भडकतो, आणि धुक्यामुळे जाणवणारी खोली जाते. मग उरतो तो खरंच पोस्टरचा साचा. कमी भडक प्रत घ्या, ती कृष्णधवल करा. रंग गेल्यावरही चित्र उभं राहतं का, ते बघा.

आणखी एक. ते कॅनव्हासऐवजी बहुधा हार्डबोर्डवर (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीवर) तैलरंगात काम करत. कापडाची वीण मध्ये येत नाही, म्हणून केसाएवढी रेघही तुटत नाही.

रेघ
हात पक्का आहे, वादच नाही. शिक्षण वास्तुकलेचं, ते बांधणीत दिसतं. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतरचं काम बघा. मागची जागा जवळजवळ रिकामी, आकृती रेषांच्या जाळ्यातून विणलेली. धुक्याचा टेकू काढल्यावरचं हे काम मला जास्त प्रामाणिक वाटतं.

तळरंग
तिथेही प्रकाश आहेच, फक्त आभाळातून उतरून रेषेच्या कडेवर आलाय. पोलंडमधल्या सानोक शहरातल्या किल्ल्यातल्या संग्रहालयात त्यांच्या कामाचा सर्वात मोठा संग्रह आहे. दोन्ही काळातली चित्रं लागोपाठ पाहिल्यावरही तुम्ही टेकूच म्हणाल?

रेघ
पहिल्या काळापुरतं, हो.