लेकीकडे आखेनला जायचंय, तीन आठवडे राहू की तीन महिने?

कोथरूडची_आई
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितीये, लांबलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी जर्मनीत आखेनला मास्टर्स करतीये, दीड वर्ष झालं जाऊन. जर्मन इथेच शिकली, मॅक्स म्युलरला, संध्याकाळचा क्लास असायचा आणि बोट क्लब रोडवरून कोथरूडला यायला तिला रोज नऊ व्हायचे, मी गॅलरीत उभी राहायचे. आता मी ३१ मार्चला रिटायर होतीये, ३३ वर्षं नोकरी झाली, आणि मनात पक्कं होतं की सुटले की पहिल्यांदा लेकीकडे जायचं. व्हिसा ९० दिवसांचा मिळतो असं कळलं म्हणून मी एप्रिलच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत जायचं ठरवून टाकलं. सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत पण जाऊबाई म्हणाल्या तीन महिने मी बघते, तू जाऊन ये. यांना दुकान सोडून येता येणार नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर मुलीला सांगितलं तर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, आई ये ना, पण तीन आठवडे ये. मला काही बोलताच येईना. ती दोन मुलींबरोबर फ्लॅट शेअर करते, एक तिथलीच आहे आणि एक इराणची, किचन आणि बाथरूम एकच. तिची खोली लहान आहे हे मला माहितीये, मी खाली गादी टाकून झोपेन, मला काय लागतं? तिला गरम पोळी करून घालावी, डोक्याला तेल लावावं, एवढंच तर आहे. तिचे केस फार गळतायत, कॉलवर दिसतं मला.

खरं सांगायचं तर वाईट वाटलं, रात्रभर झोप नाही. यांना सांगितलं तर म्हणाले तीन तर तीन, जाऊन ये. ज्यांची मुलं बाहेर शिकतायत त्यांनी सांगा ना, तुम्ही किती दिवस राहिलात? आणि व्हिसाचं काय काय लागतं, एप्रिल-मेमध्ये जातीये तर हापूसची एक पेटी नेता येईल का, घरचं तूप नेता येईल का, तेही सांगा.

सहकारनगर_६१
ताई, तुमचं वाचून मला माझंच तीन वर्षांपूर्वीचं आठवलं. माझी लेक श्टुटगार्टला होती आणि मी अडीच महिने राहून आले. तिनं नको म्हटलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं, थेट तिकीट काढलं.

पहिले दहा दिवस सोन्यासारखे गेले. मग तिचं कॉलेज, तिची नोकरी (विद्यार्थ्यांना आठवड्याला वीस तास काम करता येतं, ती युनिव्हर्सिटीतच करायची), ती सकाळी आठला जायची ती संध्याकाळी सातला यायची आणि मी त्या खोलीत एकटी. भाषा येत नाही, खाली उतरायची भीती वाटायची, खिडकीतून ट्राम बघत बसायचे. ती आली की मी इतकं बोलायचे, दिवसभराचं साठलेलं, आणि तिचे डोळे मिटत असायचे. एकदा रविवारी सकाळी मिक्सर लावला चटणीसाठी तर खालच्या आजोबांनी येऊन बेल वाजवली, तिथे रविवारी आवाज करायचा नसतो, दुकानंसुद्धा बंद असतात. फोडणीच्या धुरानं छतावरचा स्मोक अलार्म वाजला ते वेगळंच. लेक प्रत्येक वेळी सगळ्यांची माफी मागत होती. तिच्या खोलीतल्या मुलींची भांडी मी माझ्या सोयीनं लावून ठेवली होती, चांगल्या मनानं हो, पण त्यावरून तिला ऐकून घ्यावं लागलं आणि हे तिनं मला वर्षभरानं सांगितलं.

मला वाटायचं मी तिची मदत करतीये. तिला आईचीही काळजी करावी लागत होती आणि थीसिसचीही, हे मला तिथे असताना दिसलं नाही. तीन आठवडे म्हणतीये ना, तीनच आठवडे जा. आणि गादी खाली टाकून झोपू नका, ५८ व्या वर्षी तिथल्या थंड फरशीवर गुडघे धरतात, पलंगाची सोय आधी विचारा.

पाषाण_रोड
व्हिसाचं सांगतो, गेल्या वर्षी आईवडिलांचा केलाय. फॉर्म जायच्या आधी सहा महिन्यांपासून भरता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी भरलेला हवा, पण मेसाठी गर्दी असते त्यामुळे आत्ता जानेवारीतच अपॉइंटमेंट बघायला लागा. फी ९० युरो, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. इन्शुरन्स ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश) चालणारा हवा. मुलीकडून निमंत्रणाचं पत्र, तिच्या रेसिडन्स कार्डाची आणि पत्ता नोंदवल्याच्या कागदाची कॉपी. ती स्टुडंट आहे, खर्चाची हमी द्यायला तिचं उत्पन्न पुरणार नाही, म्हणून खर्च स्वतःचा दाखवा: बँक स्टेटमेंट, एफडी, आयटीआर, पेन्शन सुरू झाली असेल तर त्याचा कागद, नाहीतर ऑफिसचं निवृत्तीचं पत्र. आणि परत येणार हे पटायला हवं, पती इथे आहेत, दुकान आहे, घर आहे, कव्हरिंग लेटरमध्ये स्पष्ट लिहा.

९० दिवस म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०. पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवर त्यापेक्षा कमी दिवस लिहून येऊ शकतात, हातात आला की आधी तो आकडा वाचा, वरच्या तारखा बघून गोंधळ होतो.

हापूस नाही चालणार. ताजी फळं न्यायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) लागतं, कढीपत्त्यालाही तेच. दूधदुभतं तर युरोपात बाहेरून नेताच येत नाही, त्यामुळे तूप, पेढे, खवा सगळं बाद. सुक्या खोबऱ्याची वाटीही चेक-इन बॅगेत टाकू नका, काढून घेतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या, पॅकिंग नीट करा. बीपीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. एकट्याच जाताय तर तिकिटात व्हीलचेअर मागून घ्या, त्याचे पैसे पडत नाहीत आणि फ्रँकफर्टला गेट शोधत फिरावं लागत नाही.

मीच_ती_लेक
काकू, मी पुण्याचीच आहे, पौड रोड, सध्या ड्रेस्डेनला. तुमची मुलगी गप्प का झाली ते मी सांगू का. माझी आई येणार म्हणाली तेव्हा मीही असंच केलं होतं. नको असतं असं नाही हो, उलट रोज रात्री आईची इतकी आठवण येते की फोन करायलाच नको वाटतो, रडू येईल म्हणून. पण जुलै-ऑगस्टला आमच्या परीक्षा असतात, फ्लॅटमध्ये पाहुणा फार दिवस ठेवायचा तर घरमालकाला आणि बाकीच्या मुलींना विचारावं लागतं, आणि हे आईला सांगायचं कसं तेच कळत नाही. इकडे काही दिवस मी नुसत्या ब्रेडवर काढते. ते आईनं बघू नये असंही वाटतं.

तुम्ही मेमध्ये तीन आठवडे या, तेव्हा लेक्चर्स चालू असतात पण परीक्षांचं टेन्शन नसतं, हवाही छान असते. माझ्या आईला मी पहिल्या तीन दिवसांत बेकरीत एकटं जायला शिकवलं, "गुटन मॉर्गन" म्हणायचं आणि बोटानं दाखवायचं. रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकल्या की प्लॅस्टिकच्या एका बाटलीचे २५ सेंट परत मिळतात, ते काम तिनं आपणहून घेतलं. मी घरी आले की ती मला सांगायची आज कुठवर गेले होते, ते ऐकायला मला फार आवडायचं.

तुपाची काळजी करू नका, इथे बुटरश्माल्त्स मिळतं, आपलं तूपच जवळपास. आणि क्वार्क म्हणजे चक्क्याची बहीण! फडक्यात तासभर टांगून श्रीखंड होतं, आमच्या फ्लॅटमधल्या कोरियन मुलीनं दोन वाट्या खाल्ल्या. आखेन तर सुंदर आहे, तिथलं कॅथेड्रल १९७८ च्या युनेस्कोच्या पहिल्याच यादीत होतं, आणि बसनं थोडं गेलात की जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स तिन्हींच्या सीमा एकत्र येतात ती जागा आहे, तिथे एका मिनिटात तीन देश फिरता येतात. एखादा रविवार त्यासाठी ठेवा.

आणि केस गळतात ते बहुतेकींचे गळतात, मी सगळ्यांना पाण्याचंच कारण सांगते. आईनं तेल लावलं तेव्हा मी झोपले होते तिच्या मांडीवर, चार वाजता दुपारी, लेक्चर बुडवून.

कोथरूडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. सहकारनगरच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. आत्ता मुलीला फोन केला, आपल्या साडेचार तासांच्या फरकामुळे तिथे दुपार होती, लायब्ररीच्या बाहेर येऊन बोलली. म्हटलं तीन आठवडेच येते, ५ मे ते २६ मे, तुझ्या मैत्रिणींना आधी विचार, आणि किचनमधलं कुठलं कपाट वापरायचं तेही विचारून ठेव. ती म्हणाली, आई खरंच? आणि मग म्हणाली, येताना भाजणी जास्त आण, इराणच्या मुलीला थालीपीठ फार आवडतं, माझी सगळी संपवली तिनं.

उद्या तांदूळ, ज्वारी, डाळी धुऊन वाळत घालते.