केबलच्या बिलात न्यूज पॅक जबरदस्तीने लावला आहे, काय करू? (महिना २०० च्या आत)

दारव्हा_ते_पुणे
नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, घरी आई-बाबा दोघंच. मी पुण्यात. परवा गावी गेलो तर केबलचं बिल ३१० रुपये. तपशील नाही, नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी. विचारलं तर म्हणे, "न्यूज पॅक लागतोच, काढता येत नाही." त्यात हिंदी-इंग्रजी मिळून पंधराएक चॅनल. बाबा एकच मराठी न्यूज चॅनल पाहतात, सकाळी अर्धा तास, पाऊस-पाणी आणि कापसाचं काय चाललंय ते कळावं म्हणून. आईचे मालिकांचे दोन चॅनल. बस.
न पाहिलेल्या बातम्यांचे पैसे असे घेता येतात का? आणि २०० च्या आत काय बसेल? टीव्ही जुना डब्बा आहे, घरी वायफाय नाही.

कपाशी_मेहकर
भाऊ, फ्री डिश लाव, दूरदर्शनची बिनभाड्याची छत्री, न मोकळा हो. मी १८०० मध्ये छत्री न डबा घेतला, चार वर्षं झाले, वरतून एक रुपया देल्ला नाही. सह्याद्री दिसते, डीडी किसान दिसते, बातम्याचे चॅनलही हायेत. केबलवाल्याले महिन्याले ३०० कायले द्याचे?

नागपूर_फायबर
जुना टीव्ही काढून टाका आधी. मी दिवाळीत ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला, २४ हजार. फायबर ६०० महिना. सगळे न्यूज चॅनल यूट्यूबवर फुकट लाइव्ह दिसतात. चित्र इतकं स्वच्छ की पाहत राहावं.

आर्वीची_ताई
दादा, त्यांनी २०० सांगितले आहेत आणि वायफाय नाही म्हणाले आहेत.
आमचा अनुभव सांगते. केबल सोडून डीटीएच घेतलं. जुलैत आभाळ भरून आलं की पडदा निळा. त्यात माकडांनी छत्री दोनदा फिरवली. माणूस यायला चार दिवस, आल्याचे २५० वेगळे. सासरे ७४ वर्षांचे, ते काय स्लॅबवर चढणार? आईबाबा दोघंच असतील तर हा विचार आधी करा.

गुरुजी_निवृत्त
मी थोडं वेगळं बोलतो. बातम्या प्रत्येक घरात असायलाच हव्यात. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, माणसं गेली. ते देशभर पोचलं ते बातम्यांमुळे. उद्या सगळ्यांनी न्यूज काढून फक्त मालिका ठेवल्या, तर गावाला जगाचं आणि जगाला गावाचं कसं कळणार? दहा-पंधरा रुपयांसाठी एवढं ताणू नये.

कपाशी_मेहकर
गुरुजी, मान ठेवून बोलतो. बातमी पायजे, कोन नाही म्हनते. पन कृषी केंद्रात युरिया मागतला की नोको असलेली बाटली गळ्यात मारतात, त्याले आपन लिंकिंग म्हनतो न त्याच्यावर भांडतो. हे बी लिंकिंगच हाय. युरिया चांगला हाय म्हनून बाटली घ्याची का? मी म्हनतो फ्री डिश लावा.

आर्वीची_ताई
गुरुजी, सक्ती करायची तेवढी कायद्याने आधीच केली आहे. १९९५ च्या केबल कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दूरदर्शनचे ठरावीक चॅनल दाखवणं प्रत्येक केबलवाल्याला बंधनकारक आहे, संसदेचे चॅनलही त्यात येतात. ते मला पटतं, कारण त्याचे वेगळे पैसे नाहीत. खासगी चॅनल जाहिराती दाखवणार, वर आमच्याकडून पैसेही घेणार आणि नको म्हणायचा हक्कही नाही, हे चुकीचं आहे.

नियम_वाचा
ट्रायचा, म्हणजे टीव्ही-दूरसंचाराच्या सरकारी नियामकाचा, नियम स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०१९ पासून चॅनल सुटे निवडता येतात, प्रत्येकाची किंमत जाहीर असते, पॅक घ्यायची सक्ती करता येत नाही. नेटवर्क फी (चॅनल घरापर्यंत पोचवण्याचे महिन्याचे पैसे) १३० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३.४० रुपये. त्यात २०० चॅनल. यापेक्षा जास्त घेतले तर लूट आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन लावा.

केबल_चांदूर_रेल्वे
मी स्वतः १५ वर्षांपासून केबल चालवतो, म्हणून लिहितो. वरच्या भाऊंचं अर्धं बरोबर. सुटे चॅनल द्यावेच लागतात, बिलावर फोड द्यावी लागते, यात वाद नाही. पण २०० चॅनलपर्यंत १३० आणि त्याहून जास्त चॅनलला १६० ही मर्यादा जुलै २०२४ मध्ये ट्रायने काढली. आता नेटवर्क फी आम्हाला चॅनल पुरवणारी कंपनी ठरवते.
बातम्यांचं समजून घ्या. बरेच न्यूज चॅनल मुळातच मोफत आहेत, त्याचे वेगळे पैसे कोणी मागूच शकत नाही. बाकीच्यातले कितीतरी रुपयाच्या आत किंवा रुपया-दोन रुपयांत. उलट मोफत चॅनल आपण घरोघरी दिसावं म्हणून कंपनीला कॅरेज फी देतात. मग ग्राहकाच्या माथी तो पॅक का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आम्ही पॅक लावतो कारण २०० घरांचे वेगवेगळे चॅनल टाकत बसायला माणूस नाही. हे कारण झालं, हक्क नाही.
पण पॅक काढल्याने १०० रुपये वाचतील असं समजू नका. बिल फुगतं ते मालिका-सिनेमा-खेळाच्या मोठ्या पॅकने आणि नेटवर्क फीने. हिशोब धरा: फी १३०, आईचे दोन चॅनल १९ प्रमाणे ३८, बाबांच्या न्यूजचा १. झाले १६९, जीएसटी धरून १९९.४२. कंपनीची फी १३० राहिली असेल तर २०० मध्ये बसते.
आणि फ्री डिश चांगलंच आहे, पण आईचे चॅनल त्यावर आहेत का ते आधी बघा. १९ रुपयेवाले मराठी मालिकांचे मोठे चॅनल तिथं सापडत नाहीत.

नागपूर_फायबर
तेच म्हणतोय, स्मार्ट टीव्ही घेतला की मालिका ॲपवर दिसतात.

कपाशी_मेहकर
मालिका नाही पाह्यल्या तं काय बिघडते? लाइट जाते तवा तशीबी नाही दिसत.

आर्वीची_ताई
आईंना विचारा हो कोणीतरी. दिवसभर घर-शेत करून रात्री तासभर बसतात, त्यांचा चॅनल आधी ठेवा.
पावसासाठी बाबांच्या किंवा शेजारच्या मुलाच्या फोनमध्ये मेघदूत आणि दामिनी ॲप टाकून द्या. दामिनी वीज पडण्याची सूचना देतं, ते टीव्हीवर वेळेत कळत नाही.

नियम_वाचा
२०२४ चा बदल माझ्या लक्षात नव्हता. बाकी मुद्दा तोच, फोड मागा. नाही दिली तर १९१५.

दारव्हा_ते_पुणे
सगळ्यांचे आभार. रविवारी परत गावी गेलो. केबलवाल्याला फोड मागितली. आधी टाळत होता, मग बसून लिहून दिली. न्यूज पॅकचे जेमतेम १४ रुपये निघाले. खेळाचा आणि हिंदी सिनेमाचा पॅक लावलेला होता, तो कोणी मागितलाच नव्हता. तिन्ही काढले. नेटवर्क फी मात्र त्याच्या कंपनीची १६० आहे, त्यामुळे १९९ वर जीएसटी लागून २३५ होतात. २०० मध्ये बसलं नाही.
तरी केबलच ठेवतोय. फ्री डिश बाबांना पटलं होतं, पण आईचे दोन्ही चॅनल गेले असते. डीटीएचची छत्री वर जाऊन कोण हलवणार? हा पोरगा फोन केला की सायकलवर तासाभरात येतो, मागच्या पावसात रात्री नऊला येऊन तार जोडून गेला, आईनेच सांगितलं. तुमच्यापैकी दोघांनी केबल सोडा म्हटलं, माफ करा.
गुरुजी, तुमचं बाबांना वाचून दाखवलं. २०१७ चं ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. आमच्या शेजारच्या वाडीतला एक माणूस तेव्हा दवाखान्यात होता. मराठी न्यूजचा एक चॅनल त्यांनी आपणहून ठेवायला सांगितला.

कपाशी_मेहकर
२३५ म्हंजे वर्षाचे २८२० झाले भाऊ. फ्री डिश पाऊन वर्षात वसूल होते.