जर्मन पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नावच नाही, पुढे कसं शोधायचं?

दगडफूल:
मंडळी, विषय जरा किचकट आहे पण इथे कुणीतरी यातलं जाणकार असेलच म्हणून लिहितेय. नवरा माझा जर्मन, बव्हेरियातला. सासऱ्यांना रिटायर झाल्यापासून वंशावळीचं वेड लागलंय, पण कॉम्प्युटर त्यांना झेपत नाही, सो शोधाशोध माझ्या गळ्यात. आता अडलंय ते त्यांच्या पणजोबांपाशी. लोअर बव्हेरियातलं छोटंसं गाव, कॅथलिक, पासाऊच्या धर्मप्रांतातलं. मॅट्रिक्युला नावाच्या साइटवर चर्चची पुस्तकं फुकट दिसतात, तिथे ऑक्टोबर १८६३ मधली बाप्तिस्म्याची नोंद सापडली. आई शेतावर कामाला होती, लग्न झालेलं नाही, आणि बापाच्या रकान्यात नुसती रेघ. नंतर १८६९ मध्ये ह्याच बाईचं त्याच परगण्यातल्या एका विणकराशी लग्न झालं, पुढे चार मुलं झाली, आणि आमचे पणजोबा स्वतःच्या लग्नात त्या विणकराचंच आडनाव लावतात. तेच आडनाव आज माझ्या नवऱ्याचं.
तर प्रश्न असा की विणकर खरा बाप की सावत्र? सासऱ्यांच्या मते सावत्रच, कारण खरा असता तर सहा वर्षं लग्नाला का थांबला असता. मला पण ते पटतंय, पण खात्री कशी करायची?

जुनीवही:
दगडफूल, सासऱ्यांना सांगा की सहा वर्षं थांबला यावरून काहीच ठरत नाही, उलट मी तर ते विणकराच्या बाजूने धरेन. त्या काळात बव्हेरियात गरीब माणसाला मनाला येईल तेव्हा लग्न करता येत नव्हतं. गावात स्थायिक व्हायचा हक्क आणि लग्नाची परवानगी ही जोडगोळी होती, १८२५ चा कायदा होता आणि १८३४ मध्ये तो अजून कडक केला, मजुरीवर जगणाऱ्याचं लग्न गावाला सरळ नाकारता यायचं. कारण साधं होतं, उद्या हा कंगाल झाला तर बायकोपोरांसकट त्याला पोसायचं गावानेच, मग गावकरी कशाला हो म्हणतील? त्यामुळे जोडपी वर्षानुवर्षं बिनलग्नाची राहायची, पोरं व्हायची, आणि शतकाच्या मध्याला तिथे दर पाच जन्मांमागे एक तरी जन्म लग्नाबाहेरचा होता. (गंमत म्हणजे ऱ्हाइनपलीकडचा फाल्झ प्रांत पण बव्हेरियाचाच, पण तिथे फ्रेंचांच्या वेळचा कायदा चालू राहिला म्हणून ही बंधनं नव्हती.) १८६८ मध्ये नवा कायदा आला, नियम सैल झाले, आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या जोडप्यांची लग्नं लागली. तुमचं लग्न १८६९ चं आहे! मला तरी हा योगायोग वाटत नाही.

पण हा पुरावा नव्हे, दिशा आहे फक्त. आता कागद. पहिलं म्हणजे बाप्तिस्म्याच्या त्याच पानाचा समास परत बघा, झूम करून. आईबापांचं नंतर लग्न झालं की मूल औरस ठरायचं, आणि पाद्री तसं बाजूला बारीक अक्षरात टाकायचा, 'लेगिटिमीर्ट' किंवा लॅटिनमध्ये 'पेर सुब्सेक्वेन्स मात्रिमोनियुम', पुढे लग्नाची तारीख. आता लग्न जर दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, झालं असेल तर ही बातमी पहिल्या पाद्र्यापर्यंत पोचली नसण्याची पण शक्यता असते, म्हणून शेरा नाही म्हणजे तो बाप नाही असं अजिबात म्हणू नका. लग्नाची नोंद पण पूर्ण वाचा, इंडेक्सवर थांबू नका.

दुसरं, पैशाच्या मागे जा. अनौरस मुलाला पालक नेमला जायचा आणि पोटगीचा वाद असेल तर तो कोर्टात जायचा, म्हणजे चर्चमध्ये बाप कोरा असला तरी पालकत्वाच्या फायलीत, 'फोरमुंडशाफ्ट' म्हणतात तिला, बापाचं नाव, कबुली, किती गुल्डन (तेव्हाचं चलन) द्यायचे ते सगळं मिळू शकतं. लोअर बव्हेरियाच्या कोर्टांचं जुनं दप्तर लांड्सहूटच्या स्टाट्सआर्काइव्हमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात, असतं. तिथेच नोटरीचे दस्त पण विचारा, १८६९ च्या लग्नाचा करार झाला असेल तर लग्नाआधीच्या मुलाचा उल्लेख त्यात येतो, विशेषतः घर किंवा जमिनीचा तुकडा असेल तर. आणि परवानगीचे अर्ज! आधी एकदा नाकारलेला अर्ज सापडला, समजा १८६४-६५ चा, तर मग विषयच संपला. ते गावाच्या नाहीतर परगण्याच्या दप्तरात असतात.

पाणकणीस:
मध्येच घुसतोय, सॉरी. आमच्याकडे उलटं आहे. बायकोची आजी बर्लिनमध्ये १९१२ ला जन्मलेली, आई पोमेरेनियातून एकटीच आलेली. जन्मनोंदीच्या समासात १९१९ चा शेरा आहे की आईच्या नवऱ्याने मुलीला आपलं नाव दिलं. म्हणजे तो बाप झाला ना?

जुनीवही:
नाही हो पाणकणीस, इथेच बरेच जण घसरतात. १ जानेवारी १९०० पासून जर्मन नागरी संहिता लागू झाली, त्यात आईच्या नवऱ्याला नुसतं नाव द्यायची सोय होती, त्याने रक्ताचं नातं सिद्ध होत नाही. औरस ठरवल्याचा शेरा वेगळा, नाव दिल्याचा वेगळा, दोन्ही शब्द न् शब्द वाचायचे. त्याच संहितेत असंही होतं की अनौरस मूल आणि त्याचा बाप हे एकमेकांचे नातेवाईक धरायचे नाहीत, आणि गंमत बघा, पोटगी मात्र सोळा वर्षांपर्यंत द्यायची. हे कलम थेट १ जुलै १९७० ला गेलं. म्हणजे तुमच्या केसमध्ये पण पोटगी आणि पालकत्वाचीच फाईल शोधायची. १९१२ चे जन्म आता लांडेसआर्काइव्ह बर्लिनकडे असायला हवेत, कारण जन्माची पुस्तकं ११० वर्षांनी, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षांनी नोंदणी ऑफिसातून आर्काइव्हकडे जातात, मग नातं सिद्ध करायची भानगड राहत नाही.
आणि ती एकटीच शहरात आली यात नवल नाही. गावात बोभाटा नको म्हणून बाळंतपणाला शहर गाठायच्या बऱ्याच जणी. ग्योटिंगेनला तर विद्यापीठाचं बाळंतगृह १७५१ पासूनचं, आणि तिथे येणाऱ्या बहुतेक बायका बिनलग्नाच्या. फुकट बाळंतपण, बदल्यात विद्यार्थी तिच्यावर शिकणार. म्हणून एखादा बाप्तिस्मा गावात सापडत नसेल तर जवळच्या विद्यापीठाच्या गावात बघायचा.

हिंगाष्टक:
अगं दगडफूल, कागद शोध पण तुझ्याकडे हुकमी पत्ता आहे तो वापर ना. आडनाव बापाकडून मुलाकडे असं सरळ सासऱ्यांपर्यंत आलंय, म्हणजे वाय डीएनए टेस्ट करता येते, बापाकडून फक्त मुलग्याकडे जाणाऱ्या डीएनएची! विणकराला लग्नानंतर मुलगे झाले असतील तर त्यांच्यातल्या एखाद्याचा पुरुषाकडून पुरुषाकडे असा आलेला वंशज शोध, तो आणि सासरे दोघांची टेस्ट. जुळलं तर एकच पुरुषवंश. फक्त विणकराचा भाऊ बाप असला तरी निकाल तोच येणार, एवढं लक्षात ठेव.
नेहमीची ऑटोसोमल टेस्ट (आईबाप दोघांकडून आलेला डीएनए बघणारी) इथे कच्ची पडते. विणकर खरा बाप असेल तर त्या नंतरच्या मुलांचे वंशज सासऱ्यांचे पूर्ण चुलत वंशज, नसेल तर आईच्या बाजूने अर्धे, आणि इतक्या पिढ्यांनी पूर्ण आणि अर्ध्याचे आकडे एकमेकांत मिसळतात. पूर्ण नात्यातही दहातल्या एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही. त्यापेक्षा विणकराच्या भावाबहिणींच्या वंशजांशी जुळतंय का ते बघायचं, आणि तसे एक नाही, चांगले तीनचार हवेत. बरेचसे अमेरिकेत सापडतील, तिकडे टेस्ट करणारे फार.

तिरकसराव:
दीडशे वर्षांनी विणकराची पोटगी मागायचा विचार आहे का? 😄

दगडफूल:
😂 सासऱ्यांना वाचून दाखवलं, म्हणाले व्याजासकट मागा.
जुनीवही, समास बघितला, काहीच शेरा नाहीये. पण एक दिसलं, बाप्तिस्म्याचा धर्मपिता म्हणून जो माणूस आहे त्याचं आडनाव विणकराच्या आईचं माहेरचं आडनाव आहे! लग्नाच्या नोंदीत तिचं नाव होतं म्हणून लक्षात आलं. हे काही कामाचं आहे का? आणि जन्माची जागा म्हणून एका शेतघराचं नाव आहे, तिथला मालकच बाप असेल असं नवरा म्हणतोय.

जुनीवही:
धर्मपिता कामाचा आहे, पण आधी आडनाव त्या भागात किती कॉमन आहे ते बघा, प्रत्येक घरात तेच असेल तर काय उपयोग. लग्नानंतरच्या चार मुलांचे धर्मपिता पण काढा. तिथे एकच माणूस किंवा एकच घर सगळ्या मुलांना पुरायचं, १८६३ चाच माणूस १८७० मध्ये परत आला तर माझा कल पक्का विणकराकडे.

नवऱ्याला सांगा शेतमालकावर एवढ्यात आळ नको. सालगडी आणि मोलकरणी २ फेब्रुवारीला, लिष्टमेसच्या सणाला, मालक बदलायचे. मूल ऑक्टोबरचं म्हणजे गर्भ जानेवारीतला, म्हणजे फेब्रुवारीच्या आधी ती कुठल्या घरी कामाला होती ते महत्त्वाचं, जन्म झाला ते घर कदाचित नंतरचं असेल. गावाच्या दप्तरात नोकरांच्या नोंदी उरल्या असतील तर त्या मागा.

अजून एक, घरात १९३० च्या दशकातला आनेनपास, म्हणजे पूर्वजांच्या नोंदींची पुस्तिका, आहे का विचारा, नाझी काळात वंश सिद्ध करायला बऱ्याच जणांना तो भरावा लागला, आणि सासऱ्यांचे आजोबा किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर शक्यता जास्त. तिथे खापरपणजोबांच्या जागी काय लिहिलंय ते बघा, पण लिहिलंय म्हणून खरं धरू नका, तेव्हा लोकांना रकाना भरायची घाई होती.

दगडफूल:
आनेनपासचं विचारते, माळ्यावर एक ट्रंक आहे म्हणे. लांड्सहूटला मेल टाकायचा तर त्यात काय काय लिहू?

जुनीवही:
जर्मनमध्येच लिहा, थोडक्यात. आई, मूल आणि विणकर तिघांची नावं, तारखा, गाव, पॅरिश, आणि तेव्हा ते गाव कुठल्या कोर्टाच्या हद्दीत होतं ते. १८६२ मध्ये कोर्ट आणि प्रशासन वेगळं केलं होतं, म्हणून दोन्ही ऑफिसांची नावं द्या, नाहीतर ते एकाच गठ्ठ्यात बघतील. 'माझ्या पूर्वजांबद्दल काय आहे ते पाठवा' असं लिहू नका, पालकत्वाची फाईल, लग्नाच्या परवानगीचा अर्ज आणि नोटरीचा १८६९ चा करार, एवढंच विचारा, आणि शोधायची फी किती ते आधी कळवा म्हणा. जुनी कुरेंट लिपी वाचता येत नसेल तर स्कॅन आल्यावर इथे टाका, मी बघतो.